अर्नेस्टाचा हात धरणारी

मनूच्या बुटाचा पट्टा सुटला म्हणून मी खाली वाकले, आणि वाकल्यावर गुडघे सरळ व्हायला तयार होईनात, म्हणून ते चित्र मला नीट दिसलं. एरवी पुढेच गेले असते. सकाळी न्यू जर्सीतल्या एडिसनहून आगगाडी, मग बस, मग ज्येष्ठ नागरिकाचं २२ डॉलरचं तिकीट (त्याचे मनातल्या मनात रुपये केले आणि गप्प बसले), मग इजिप्तच्या ममी. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम म्हणजे एक अख्खं गाव आहे. अमेरिकन विंगपर्यंत येईस्तोवर लेकीचा उत्साह उतरला होता, नात बाबागाडीतून उतरून पळत सुटली होती, आणि मी तिच्या मागे. म्हणजे रोजच्यासारखंच.

तर मी जमिनीवर, एक गुडघा टेकलेला. समोर भिंतीवर मनूएवढीच एक पोर. पांढरा झगा घालून उभी, आणि एक हात वर करून कुणाचा तरी हात धरलेला. कुणाचा, ते कळायला मार्ग नाही. कारण त्या दुसऱ्या बाईचा घोळदार घागरा आहे, त्यावर लांब पांढरा एप्रन आहे, खाली आलेला हात आहे, आणि मग चौकट येते. खांदे नाहीत, डोकं नाही. बाई मधेच संपते.

मी आधी शेजारची पाटी वाचली नाही. लेकीनं वाचून दाखवली. ‘अर्नेस्टा, नर्ससह’, सिसिलिया बो, १८९४. नर्स म्हणजे इंजेक्शन देणारी नव्हे. मुलं सांभाळायला ठेवलेली बाई. आपल्याकडे साहेबांच्या घरी जिला आया म्हणत, ती.

“काय मस्त क्रॉप केलंय ना,” लेक म्हणाली. ती कॉम्प्युटरवर वेबसाइटी सजवायचं काम करते, तिला असलं पटकन दिसतं. मला मात्र काहीतरी वेगळंच दिसत होतं आणि ते काय, हे कळायला मला पुढचे चार दिवस लागले.

या सिसिलिया बोविषयी मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. आडनाव फ्रेंच, लिहितात वेगळं आणि म्हणतात नुसतं ‘बो’. घरी आल्यावर मनू झोपली की मी वाचत बसायचे. १८५५ साली फिलाडेल्फियात जन्म. जन्मानंतर बारा दिवसांनी आई गेली, बाळंतज्वरानं. वडील फ्रान्सहून आलेले रेशमाचे व्यापारी. त्यांना हे दुःख झेपलं नाही, दोन मुलींना आजोळी सोडून ते मायदेशी परतले. आईचंच नाव या धाकटीला ठेवलेलं, पण घरात तिला त्या नावानं हाक मारत नसत, ‘लेली’ म्हणत. आजी, दोन मावश्या आणि एका मावशीचा नवरा, एवढ्यांनी मिळून या पोरींना वाढवलं. चित्रकलेची शिकवणी लावली ती या काकांनीच, सोळाव्या वर्षी.

पुढे पोट भरण्यासाठी तिनं काय काय केलं! भूगर्भशास्त्राच्या सरकारी अहवालांसाठी जीवाश्मांची चित्रं काढली. चिनीमातीच्या बश्यांवर लोकांच्या मुलांचे चेहरे रंगवून दिले. अशा बश्यांना तेव्हा मागणी होती, पण त्या कामाची तिला नंतर लाजच वाटायची. मला नाही त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत. भिंतीवरची बशी काय आणि भिंतीवरचं चित्र काय. पण हे मी बोलायचं; पुढे जिनं फ्रान्सच्या पंतप्रधान क्लेमांसोचं आणि अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या बायको-मुलीचं चित्र काढलं, तिला ते आठवायला नको वाटत असणार. १८९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया अकॅडमी या नावाजलेल्या कलाशाळेत ती शिकवायला लागली. तिथं नियमित शिकवणारी ती पहिली बाई. लग्न तिनं केलं नाही.

अर्नेस्टा ही तिची भाची. थोरल्या बहिणीची मुलगी, तेव्हा दोन वर्षांची.

“बघ ना आई,” लेक म्हणाली, “स्वतःची आई बारा दिवसांत गेली. म्हणून तिच्या चित्रात मूल सांभाळणाऱ्या बाईला चेहराच नाही.”

ऐकायला छान आहे. पण मला हे पटत नाही. चित्राचं कारण चित्रकाराच्या चरित्रात हुडकायची आपल्याला खोडच लागलीय. आई नव्हती म्हणजे कुशी नव्हती असं थोडंच आहे? आजी होती, दोन मावश्या होत्या. उलट त्या पोरीला हातांची कधी कमी पडली नसेल. आणि एका आईचं चित्र तिनं काढलेलंच आहे, चेहऱ्यासकट. तिचं नाव झालं ते त्याच चित्रानं.

ते मी लेकीच्या लॅपटॉपवर पाहिलं. थोरली बहीण काळ्या कपड्यांत खुर्चीत बसलीय आणि पहिला मुलगा तिच्या मांडीवर. मुलगा आता मांडीवर मावत नाही. तीनेक वर्षांचं घोडं ते, पाय लोंबताहेत, अंग आईवर सैल सोडलंय. दोघांचे हात मधे एकत्र आलेत. चित्राला तिनं फ्रेंच नाव दिलं, अर्थ असा की ‘बाळपणाचे शेवटचे दिवस’. १८८३ ते ८५ दोन वर्षं ती त्यावर काम करत होती. अकॅडमीचं बक्षीस मिळालं, १८८७ मध्ये ते पॅरिसच्या सलाँमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, लागलं. गंमत अशी, की चित्र पॅरिसला पोचलं तेव्हा चित्रकारीण अजून फिलाडेल्फियातच होती. बापाच्या देशात तिनं पाऊल ठेवलं ते त्यानंतर, १८८८ साली.

१८८३ ते ८५, फिलाडेल्फिया. हे वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. कुठल्याही मराठी बाईनं ठेवला असता. त्याच वर्षांत, त्याच शहरात आनंदीबाई जोशी डॉक्टरकीचं शिकत होत्या. १८८३ च्या उन्हाळ्यात त्या न्यूयॉर्कला उतरल्या, न्यू जर्सीत रोझेलला कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या आणि मग फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. हे रोझेल आमच्या एडिसनपासून फार लांब नाही. वाण्याकडे जाताना पाटी दिसते. या दोघी कुठे भेटल्या असतील वगैरे मला म्हणायचं नाही. एक चेस्टनट स्ट्रीटवरच्या स्टुडिओत बहिणीला आणि भाच्याला बसवून रंगवत होती. दुसरी नऊवारी सांभाळत थंडीत कॉलेजला जात होती. पहिलीची आई बाराव्या दिवशी गेली होती. दुसरीला चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं होतं. आनंदीबाईंनी प्रबंधाला विषय घेतला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. १८८६ च्या मार्चमध्ये एम. डी. झाल्या आणि वर्ष व्हायच्या आत पुण्यात गेल्या. एवढंच. दोन नकाशे एकावर एक ठेवल्यावर एक रेघ जुळावी, तसं ते जुळलं आणि मी परत अर्नेस्टाकडे वळले.

दुसऱ्या खेपेला मी एकटी गेले. लेकीनं रविवारी मनूला ठेवून घेतलं, म्हणाली, जा, तुझं काय ते एकदा बघून ये.

या वेळी आधी रंग बघितले. पोरीचा झगा पांढरा, बाईचा एप्रन पांढरा. पांढऱ्याला पांढरं लागून. हे दिसतं सोपं, पण दोन पांढरी कापडं शेजारी वाळत घातली की कळतं, एक पिवळट असतं आणि एक निळसर. माझी आई धोतरांना नीळ घालायची. लहानपणी मला कळायचं नाही, पांढरं करायला निळं कशाला? बोबाईंना ते बरोबर कळलेलं. जवळ जाऊन बघितलं तर पांढरा म्हणून जो दिसतो त्यात निळसर आहे, करडा आहे, जांभळट आहे, कुठे साईसारखा पिवळा. लांबून पुन्हा सगळं पांढरं. ब्रश लांब आणि न घाबरता ओढलेला. कडक खळ दिलेल्या एप्रनचा सरळपणा आणि पोरीच्या झग्याचा फुगीरपणा, दोन्ही त्याच ब्रशनं. पॅरिसला जाऊन आल्यावर तिचा हात मोकळा झाला म्हणतात. आधीचं काळं चित्र आणि हे पांढरं शेजारी ठेवलं तर खरंच एक बाई घरातून अंगणात आल्यासारखी वाटते.

मग त्या कापण्याकडे आले.

जाणकार म्हणतात, ही मुलाच्या उंचीवरून पाहिलेली दुनिया आहे. दोन वर्षांच्या पोरीला मोठी माणसं अशीच दिसतात, घागरा, एप्रन आणि वरून आलेला हात. हे खरं आहे. मी खाली वाकले होते तेव्हा मलाही त्या हॉलमध्ये नुसत्या जीन्स आणि बूट दिसत होते. त्या काळच्या पॅरिसात छायाचित्रांवरून आणि जपानी छापचित्रांवरून असं मधेच कापायची रीत आली होती, तेही खरं. पण चित्र पुरं मानायला मला तेवढं पुरत नाही. कारण त्याच घरातल्या आईला तिनं असं कापलं नाही. आईला खुर्ची दिली, पूर्ण चेहरा दिला, दोन वर्षं दिली. तिचीच समकालीन मेरी कॅसट, तीही पेनसिल्व्हेनियाचीच, तीही बिनलग्नाची. तिनं आयुष्यभर बायका आणि मुलं रंगवली, १८९३ च्या ‘मुलाचं न्हाणं’ या चित्रात तर पोरीचे पाय धुणारी ती बाई आई आहे की ठेवलेली बाई, हे कळतच नाही. पण तिचं डोकं पोरीच्या डोक्याला टेकलेलं आहे. डोकं आहे.

आणि एक गोष्ट कळली तेव्हा मला हसू आलं आणि मग आलं नाही. बोबाईंचं त्याच सुमाराचं, १८९३-९४ चं, आणखी एक चित्र आहे. नाव काय म्हणाल? ‘सीता आणि सरिता’! मला वाटलं, आपल्याच दोघी कुणीतरी. प्रत्यक्षात पांढऱ्या पोशाखातली तिच्या नात्यातली एक सारा, आणि तिच्या खांद्यावर बसून थेट आपल्याकडे बघणारं काळं मांजर. साराचं लाडाचं स्पॅनिश रूप सरिता. सीता ही मांजर. पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे ते. चित्र देशाबाहेर द्यायचं ठरलं तेव्हा तिनं १९२१ च्या सुमारास त्याची दुसरी प्रत स्वतःच काढली, इतका जीव त्यात.

म्हणजे मांजरीला नाव आहे. चित्राच्या शीर्षकात, साराच्याही आधी. नर्सला ‘नर्स’.

यावरून बोबाईंना कोर्टात उभं करायचा माझा विचार नाही. त्याचं कारण सांगते.

लेक झाली १९८८ साली, पुण्यात. सासरी, वाड्यात. माहेरी आई आजारी होती म्हणून बाळंतपण सासरीच झालं. चाळीस दिवस रोज सकाळी सातला मावशी यायच्या. काष्टा खोचून, पाटावर बसून पाय लांब करायच्या आणि बाळाला पायांवर पालथं घ्यायच्या. कोमट खोबरेल. मग डाळीचं पीठ, साय, चिमूटभर हळद. बाळ ताणून रडायचं आणि मावशी आपल्या कुठल्यातरी गोष्टी चालूच ठेवायच्या, नळाला पाणी नव्हतं, जावयाची नोकरी गेली, असल्या. बाळाला नाही, मला सांगायच्या. मग शेवटचा तांब्या, टाळूवर तेल, शेगडीवर ओवा-वावडिंग टाकून धुरी, आणि दुपट्यात असं काही गुंडाळायच्या की पोर दोन तास हू का चू करायची नाही. नंतर माझी पाठ. माझ्या पाठीवर त्या हातानं जे केलं ते मला आजही पाठीला आठवतं. अंगठ्याशी एक घट्टा होता. तो कुठं लागायचा ते मी आत्ता दाखवू शकते.

चेहरा मात्र आठवत नाही. खूप प्रयत्न केला. कुंकू मोठं होतं. नाकात काहीतरी होतं. बस.

फोटो आहे. ह्यांच्याकडे तेव्हा जुना आग्फा क्लिक थ्री होता, बारा फोटोंचा रोल. कोवळ्या उन्हात मागच्या अंगणात बाळाला न्हाऊ घालतानाचा एक फोटो ह्यांनी काढला. त्यात पाट आहे, लांब केलेले दोन पाय आहेत, पायांवर आमचं तेलकट बोचकं आहे, बाळाची मान धरलेला हात आहे. वर फोटो संपतो. मावशींना डोकं नाही.

मी ह्यांना तेव्हा बोलले होते. ते म्हणाले, कॅमेऱ्याचा दोष, भोकातून दिसतं एक आणि येतं दुसरं. ते खरंही होतं, त्या कॅमेऱ्याचं तसं व्हायचंच. पण त्याच रोलमध्ये सासूबाईंचं डोकं नीट आलं आहे. माझंही आलं आहे. शेजारच्या काकूंच्या मांडीवर बाळ आहे, तर काकूही अख्ख्या आल्या आहेत. आणि मी बोलले होते ते तरी कशासाठी? फोटो वाकडा आला म्हणून. मावशी कापल्या गेल्या म्हणून नव्हे. छत्तीस वर्षं तो फोटो आमच्याकडे ‘बाळाच्या न्हाण्याचा फोटो’ म्हणून आहे आणि मला त्यात काही कमी आहे असं एकदाही वाटलं नाही.

तेच मला म्युझियममध्ये दिसलं होतं. चार दिवस जे डोळ्यांपुढे होतं आणि नाव सापडत नव्हतं, ते हे.

आता लेकीच्या फोनमध्ये बघितलं तर मनूचे हजारो फोटो आहेत. त्यात मी पुष्कळ आहे. म्हणजे माझा हात आहे. वरण-भाताचा घास धरलेली बोटं, बागेत झोका ढकलणारा तळवा, केस विंचरताना कोपर. एका फोटोत फक्त माझ्या साडीचा पदर, मनूनं मुठीत धरलेला. मी तक्रार करत नाही. फोटो मनूचाच काढायचा होता. आणि मी काही पगारी बाई नाही, मला नाव आहे, सहा महिन्यांनी परत जायचं विमानाचं तिकीट त्याच नावावर आहे. मावशींची आणि माझी बरोबरी करणं हा चावटपणा होईल. त्यांना त्या चाळीस दिवसांनंतर दुसऱ्या दारी जायचं होतं.

पण एक सांगते. त्या चित्राकडे जास्त वेळ बघत राहिलं तर नजर पोरीवरून सुटते आणि त्या दोन हातांवर जाऊन बसते. लहान हातानं वर होऊन धरलंय, मोठा हात खाली येऊन थांबलाय. ओढत नाही. मूल चालेल तेव्हा चालायचं, थांबेल तेव्हा थांबायचं, हे ज्याला सवयीचं असतं असा हात आहे तो. हे बोबाईंनी पाहिलं होतं. न पाहता असा हात काढता येत नाही. तिनं चेहरा दिला नाही, पण हात फसवा दिला नाही. याला जमेला धरायचं की नाही, माझं मलाच अजून ठरवता येत नाही. बसून बघताना जमा वाटते, घरी आल्यावर वाटत नाही.

अर्नेस्टा पुढे मोठी झाली. १९१४ मध्ये मावशीनं तिचं पुन्हा चित्र काढलं, बाविशीतली देखणी मुलगी, पूर्ण, आणि या वेळी तिला कुणाचा हात धरायला लागत नाही. तेही याच म्युझियमकडे आहे. तिचा पहिला नवरा पुढे सोव्हिएत रशियातला अमेरिकेचा पहिला राजदूत झाला. तिचा एक भाऊ, फिलिप, त्यानं १९२८ मध्ये पोलिओच्या रुग्णांना श्वास देणारं ते लोखंडी पेटीसारखं यंत्र बनवलं. बहीण नावाजलेली चरित्रकार झाली. अशा घरातली मुलं, त्यांची सगळी नोंद राहते. नर्सची नोंद असलीच तर कुठल्यातरी खर्चाच्या वहीत असेल, असं मी लेकीला म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले.

आमच्या सासऱ्यांना वहीत जमाखर्च लिहायची सवय होती. रोज रात्री, शाईच्या पेनानं, पाच पैशांचा कढीपत्तासुद्धा. वह्या थोरल्या जाऊबाईंकडे आहेत. पुण्यात सकाळ होईपर्यंत थांबले आणि फोन लावला.

“वहिनी, माझ्या बाळंतपणात न्हाऊ घालायला यायच्या त्यांचं नाव काय हो?”

“मावशी की.”

“मावशी झालं. नाव?”

पलीकडे शांतता. मग म्हणाल्या, “अगं, आपण मावशीच म्हणायचो. थांब, माळ्यावर बघायला सांगते.”

दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो आला. पान पिवळं पडलेलं, सासऱ्यांचं तिरपं अक्षर, तारखा नीट. मी मोठं करून करून वाचलं. दूध. रॉकेल. डिंक, खारीक, अळीव. मग:

‘न्हाणे, मावशी, दिवस ४० – रु. ४००. लुगडे १, खण १, नारळ.’

आणि त्याच्या खालच्याच ओळीत:

‘क्यामेरा रोल धुणे व छापणे, प्रती १२ – रु. ३६.’